गढूळ पाण्याचा माग : दगडखाणीच्या आवारातल्या पावसाळी कामाच्या नोंदी

४ मार्च

आजपासून हे काम माझ्याकडे आलं. साईट म्हणजे मुंबईच्या उत्तर वेशीवरची दगडखाण, काळा बेसॉल्ट, दोन क्रशर, खडीचे आणि चुरीचे ढीग, वजनकाटा, वर्कशॉप, डिझेलची टाकी, ऑफिसचे दोन कंटेनर आणि या सगळ्याच्या मधून फिरणारा डंपरचा कच्चा रस्ता. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी बघणारी माणसं वेगळी, माझ्याकडे खड्ड्याबाहेरचं आवार, साधारण साडेचार हेक्टर. गेल्या पावसाळ्यात याच आवारातनं गाळ वाहून खालच्या नाल्यात गेला, नाला तुंबला, वस्तीतल्या सात-आठ घरांत पाणी शिरलं आणि पुढे खाडीच्या तोंडापर्यंत पाणी कितीतरी दिवस तांबडं होतं. तक्रार झाली, नोटीस आली, आणि आता पावसाळ्याआधी जेमतेम तीन महिने हातात आहेत.

सकाळी मुकादम मामांना घेऊन नाल्यात उतरले. आवाराच्या गेटपासून खाली तीनशे मीटरवर गाळ गुडघाभर साचलेला, वरून वाळून भेगाळलेला. मामांनी फावड्याने उभा काप घेतला तर आत थर दिसायला लागले, खाली करडी जाडसर चुरी, तिच्यावर बोटभर तांबडी चिकण माती, परत करडी, परत तांबडी, म्हणजे प्रत्येक मोठ्या पावसाची एक जोडी. मामा म्हणाले, "ताई, चिरोट्याला सुटतात तसे पदर सुटलेत बघा." मी मोजले, अकरा जोड्या भरल्या. गेटजवळच्या कापात करडी जास्त होती आणि वस्तीपाशी जवळजवळ सगळी तांबडीच.

मॅनेजर साहेबांचं म्हणणं सरळ आहे, क्रशरची चुरी वाहते, खाली एक मोठी टाकी बांधा आणि विषय संपवा. पण चुरी करडी असते. घरात शिरलेला गाळ तांबडा होता. ही तांबडी नक्की कुठून येते ते आधी शोधायचं.

९ मार्च

आज डोंगराच्या बाजूने सुरुवात केली, सगळ्यात वरून खाली. पाण्याचं काम करताना वरून खाली चालत यायचं हे मला माझ्या पहिल्या साईटवर एका म्हाताऱ्या ओव्हरसियरनी शिकवलं होतं आणि अजून एकदाही ते चुकीचं ठरलेलं नाही.

आवाराच्या डोक्यावर सहा हेक्टरचा उतार आहे, झाडी-झुडपं, गवत, थोडा उघडा कातळ. त्याचं पाणी चांगलं, नितळ, पण त्याला जायला वेगळी वाटच नाही, ते थेट आवारात उतरतं, चुरीच्या ढिगांमधून आणि डंपरच्या रस्त्यावरून वाहत खाली येतं. म्हणजे डोंगरावरून स्वच्छ आलेलं पाणी आपण आत घेतो, घाण करतो आणि मग त्याला साफ करायला टाकी बांधायची म्हणतो. हे मला आज इतकं लागलं की तिथेच दगडावर बसून स्केच काढलं. आधी डोंगराचं पाणी बाहेरून वळवायचं, आवारात पडेल तेवढंच पाणी आत सांभाळायचं.

१८ मार्च

आज हिशेब. पावसाची तीव्रता किती धरायची यावर दोन तास गेले. शहराच्या जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती, ब्रिमस्टोवॅडमध्ये, म्हणजे पावसाळी गटारं सुधारायच्या मुंबईच्या योजनेत, ती ५० वर न्यायची ठरली. गाळ बसवायच्या तलावासाठी मी ५० धरले, कारण वर्षातला बहुतेक पाऊस त्याच्या आतच पडतो आणि बहुतेक गाळही त्यातच येतो. पण सांडवा आणि चर मात्र १२० ला डिझाईन केले, कारण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडलेला आहे आणि मुंबईत पावसाचं काम करणाऱ्या माणसाने हा आकडा विसरून चालत नाही. तलाव भरून वाहिला तर चालेल, फुटलेला नाही चालणार. फुटला तर पूर्ण पावसाळ्याचा साठलेला गाळ एका झटक्यात वस्तीत.

आता पाणी किती. वहनांक (पडलेल्या पावसातला जमिनीवरून वाहून जाणारा हिस्सा), तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०. आवाराचे साडेचार हेक्टर, जमीन दाबून टणक झालेली म्हणून वहनांक ०.८, तासाला ५० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ०.५ घनमीटर. डोंगराचे सहा हेक्टर ०.५ ने धरले तर आणखी ०.४२. जवळजवळ दुप्पट!

आणि तलावाचं क्षेत्रफळ सरळ यावर ठरतं. कण किती वेगाने खाली बसतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून, स्टोक्सचा नियम. २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला साधारण ०.४ मिलिमीटर बसतो, म्हणजे मीटरभर खाली जायला चाळीस मिनिटं. तेवढा कण धरायचा तर ०.५ घनमीटरला १२५० चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग लागतो, डोंगराचं पाणीही आत घेतलं तर २३००. माझ्याकडे सपाट जागा आहे ६० बाय २५, म्हणजे १५००. बस, इथेच चर्चा संपली, डोंगराचं पाणी वळवल्याशिवाय तलाव बसतच नाही.

खोलीचं काय असं साहेबांनी विचारलं, खोल खणा ना म्हणाले. खोल खणल्याने गाळ साठवायला जागा मिळते, पण कण धरायला रुंदी लागते, कारण पाणी जितकं पसरेल तितकं हळू होतं. हे सांगायला मी चहाचा कप बशीत ओतून दाखवला, बशीत चोथा लगेच खाली बसला, आणि ते त्यांना पटलं.

पण एक गोष्ट मी त्यांना आजच सांगून ठेवली. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण दहापट बारीक, म्हणजे शंभरपट हळू, मीटरभर बसायला अडीच-तीन दिवस. तो कोणत्याच परवडणाऱ्या तलावात बसत नाही. तो उगमाशीच धरावा लागतो. आणि तांबडी माती म्हणजे तोच.

२ एप्रिल

डोंगराच्या पायथ्याचा चर सुरू होऊन आठवडा झाला. तळ ६० सेंटीमीटर, खोली ७०, बाजू एकास एक, ढाळ एक टक्का. एवढ्या चरातून सेकंदाला एक घनमीटर आरामात जातं आणि डोंगराचं १२० मिलिमीटरचं पाणी तेवढंच होतं. वेग मात्र सेकंदाला सव्वा मीटरच्या वर जातो म्हणून नुसता मातीचा चर ठेवला तर तोच चर घळ होईल, त्याला डबराचं पिचिंग केलं. डबर आपल्याच खाणीतला, फुकट, फक्त बसवणारे हात चांगले पाहिजेत. दगड झोपवून नाही, उभे रोवायचे, मध्ये चिपा ठोकायच्या. हे मामांची माणसं अशी करतात की बघत राहावं.

काल टँकरने पाणी सोडून बघितलं तर मधल्या बारा मीटरच्या टप्प्यात पाणी उभंच. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावली, मध्ये कातळाचा उंचवटा लागला होता आणि ठेकेदाराच्या पोराने तो फोडायच्या ऐवजी तळ वर उचलून घेतला होता, उलटा ढाळ. त्याने सांगितलंच नाही. पाणी तिथे तुंबून चराच्या कडेवरून परत आवारात आलं असतं, तेही ऐन जोरात. आज ब्रेकर लावून फोडला, उद्या परत पिचिंग. चार दिवस गेले. टँकरची चाचणी केली नसती तर हे जूनमध्ये कळलं असतं.

२१ एप्रिल

तलावाची खुदाई झाली. सरासरी खोली १.२ मीटर, धारण १८०० घनमीटर. अमेरिकेत अशा तलावांना एकरी ३६०० घनफूट असा ठोकताळा लावतात, म्हणजे एकरभर जागेवर एक इंच पाऊस मावेल एवढं. आपल्या साडेचार हेक्टरला ते साधारण ११४० घनमीटर होतं, तेव्हा गाळ साठायला वरची जागा उरते. सांडवा ५ मीटर रुंद, बांधाच्या माथ्यापासून ६० सेंटीमीटर खाली, ३० सेंटीमीटर धार वाहिली तरी १.४ घनमीटर जातं आणि वर ३० सेंटीमीटर मोकळे राहतात. सांडव्याखाली गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) आणि दगडांचा गालिचा, नाहीतर पाणी पडून पडून बांधाचं बूड उकरतं.

बांध भरताना थर १५-१५ सेंटीमीटरचे, पाणी मारून रोलर. पोकलेनवाले भाऊ म्हणाले बकेटने थोपटून देतो मॅडम, मी नाही म्हटलं. बकेटने थोपटलेला बांध दिसायला चांगला दिसतो आणि पहिल्या पावसात आतून गळतो.

१४ मे

वळीव पडला! दुपारी साडेतीनला आभाळ भरून आलं, वीस मिनिटं जोरदार, मापकात १७ मिलिमीटर. मी मामांच्या पोरांना आधीच रिकाम्या बाटल्या देऊन ठेवल्या होत्या, पाऊस सुरू झाला की कोणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं. पाच ठिकाणचं पाणी मिळालं, क्रशरखालचं, डंपरच्या रस्त्याच्या गटारातलं, वर्कशॉपजवळचं, मातीच्या ढिगाच्या पायथ्याचं आणि डोंगराच्या नव्या चरातलं.

पाची बाटल्या ऑफिसच्या खिडकीत ओळीने ठेवल्या. पंधरा मिनिटांत क्रशरच्या बाटलीत तळाशी दोन बोटं करडी चुरी बसली आणि वरचं पाणी पातळ दुधासारखं झालं. डोंगराच्या बाटलीत दोन-तीन गवताच्या काड्या, पाणी प्यावंसं वाटेल असं. रस्त्याची करडट तांबडी. वर्कशॉपच्या पाण्यावर तेलाचा तवंग, ते वेगळं बघावं लागेल. आणि मातीच्या ढिगाची बाटली पक्क्या चहासारखी तांबडी, संध्याकाळी निघताना पण तशीच, तळाशी जेमतेम एक रेघ.

१५ मे

सकाळी साडेआठला येऊन बघितलं, क्रशरची बाटली वरून जवळजवळ नितळ. ढिगाची अजून तांबडी, पलीकडचं कॅलेंडर दिसत नाही.

म्हणजे सापडलं. बेसॉल्ट काढायच्या आधी वरची माती आणि मुरूम खरवडून काढतात, दोन लाव्हाच्या थरांमध्ये मध्येच तांबडा मऊ पट्टा लागतो तोही बाजूला काढतात, आणि हे सगळं आवाराच्या कोपऱ्यात ओतलेलं, वर्षानुवर्षं, सरळ डंपर मागे घेऊन ढकललेलं. तो ढीग विकत नाही, त्यावर कोणाचं लक्ष नाही, हिशेबात नाही, नकाशातही नव्हता. सगळं जग क्रशरकडे बोट दाखवत होतं कारण क्रशरचा आवाज होतो, धूळ उडते, तो दिसतो. घरात शिरलेली माती मात्र या गप्प ढिगातली होती.

बाटल्या साहेबांना दाखवायला नेल्या. ते बराच वेळ बघत राहिले, मग ढिगासाठी लागेल ते मशीन घ्या म्हणाले.

२० मे

ढिगावर काम. उतार जवळजवळ उभाच होता, माती स्वतःच्या वजनाने जेवढी राहील तेवढी. तो मोडून अडीचास एक केला, म्हणजे अडीच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ, मधे तीन मीटर रुंदीची पायरी, पायरीला आतल्या बाजूला ढाळ. माथ्यावर कडेने फूटभर बांध, म्हणजे माथ्याचं पाणी उतारावरून धावत खाली येणार नाही, ते एका कोपऱ्यात दगडी घसरणीतून उतरेल. पायथ्याला डबराची कोरडी भिंत आणि मागे भू-वस्त्र, म्हणजे मातीआड घालायचं गाळणीचं कापड, त्यातून पाणी झिरपेल पण माती थांबेल.

उतारावर ज्यूटची जाळी आणि वाळ्याचे ठोंब, समपातळीत ओळी, ठोंब ते ठोंब वीतभर. वाळा का, तर मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, पुढे दोन-तीन मीटरपर्यंत, आणि वर दाट झुडूप होऊन पाण्याला गाळणी लागते. ठोंब आणले तेव्हा सगळ्या टेम्पोला तो खसाचा वास. बायका लावत होत्या त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, आमच्या गावी बांधावर हाच असायचा, आजोबा लावायचे. मी त्यांनाच ओळींवर देखरेख दिली, कारण समपातळी डोळ्याने धरणारं माणूस सारखं मिळत नाही.

पावसाआधी रुजायला दिवस फार थोडे आहेत, रोज टँकरचं पाणी चालू आहे.

३० मे

रस्त्याचं पटकन लिहिते. डंपरचा रस्ता मधोमध उंच केला, दोन्हीकडे गटार. गटाराला सहा टक्के ढाळ आहे, म्हणून अर्ध्या मीटरचे दगडी आडबांध, सव्वाआठ मीटरवर एक, म्हणजे खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीला येतो आणि मध्ये पाणी थांबत थांबत उतरतं. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवला, नाहीतर पाणी बाजूने रस्ता कापतं.

गेटच्या आत चाकं धुवायचा हौद, नंतर तीस मीटर जाड खडीचा पट्टा. डंपरच्या चाकांना लागून जाणारा चिखल रस्त्यावर पडतो आणि टू-व्हीलरवाले घसरतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे, एक बाई शाळेतल्या मुलाला घेऊन पडल्या होत्या. हौदाचं पाणी तलावात. डिझेलच्या टाकीभोवती कट्टा, टाकीच्या ११० टक्के मावेल एवढा, आणि वर्कशॉपच्या गटाराला तेल अडवायची वेगळी टाकी. तेलाचं पाणी गाळाच्या तलावात अजिबात मिसळायचं नाही.

महापालिकेची नालेसफाई दरवर्षी मे अखेरपर्यंत उरकायची असते. आमच्या खालचा नाला या आठवड्यात साफ झाला, गाळ ट्रक भरभरून गेला. त्यातला किती आपल्या आवारातला होता ते मी मार्चमध्ये फावड्याने पाहिलेलं आहे, त्यामुळे तिथे उभं राहून बघणं जड गेलं.

१२ जून

पाऊस लागला. २४ तासांत ३८ मिलिमीटर. डोंगराचा चर वाहिला, नितळ. ढिगाच्या पायथ्याशी भिंतीतून पाणी झिरपतंय, फिकट तांबडं. तलावात हातभर पाणी. सांडवा कोरडा. आज घरी वेळेवर.

२५ जून

काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत १४२ मिलिमीटर, हवामान खात्याच्या भाषेत अतिमुसळधार. पहाटे पाचला साईटवर पोचले, लोकल बंद पडायच्या आत. चर, आडबांध, ढीग सगळं टिकलंय. पण सांडव्यावरून येणारं पाणी गढूळ, मला अपेक्षा होती त्याच्या कितीतरी पट.

छत्री बाजूला ठेवून बांधावर उभी राहिले आणि नुसतं बघत बसले. तलावात पाणी शिरायचं तोंड आणि सांडवा एकाच लांब बाजूला आले आहेत, मध्ये पंचवीस मीटर पण नाहीत, कारण पलीकडे डंपरचा रस्ता होता आणि मी खुदाईच्या वेळी ते मान्य केलं होतं. क्रशरजवळच्या मारुतीच्या निर्माल्यातल्या झेंडूच्या पाकळ्या मुठीने आणल्या, तोंडाशी टाकल्या आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटांत पाकळ्या सांडव्यावर. हिशेबाने तासभर लागायला हवा होता. उरलेला दोन तृतीयांश तलाव नुसता स्तब्ध, तिथल्या पाण्यात बेडूक पोहत होते.

दुसरं कारण पण दिसलं. खड्ड्यातला पंप रात्रभर चालू होता आणि त्याचा पाईप आमच्याच तलावात सोडलेला. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपचं खालचं तोंड) संपच्या, म्हणजे पाणी गोळा व्हायच्या खळग्याच्या, तळाला टेकलेला, म्हणजे पाण्यापेक्षा चिखलच जास्त ओढत होता. खड्ड्याच्या लोकांना खड्डा रिकामा हवा असतो, ते त्यांचं काम, पण दोन कामं एकमेकांशी बोललीच नव्हती.

सांडव्याचं सँपल लॅबला पाठवलं.

२८ जून

लॅबचा रिपोर्ट, लिटरला ४१० मिलिग्रॅम निलंबित घनपदार्थ, म्हणजे पाण्यात तरंगत राहिलेला गाळ. नाल्यात सोडायची मर्यादा १००.

पाऊस थोडा उघडला तेवढ्यात बांबू रोवून हिरव्या शेडनेटच्या दोन आडभिंती घातल्या, एक डाव्या कडेपासून, एक उजव्या, पाण्याला नागमोडी जावं लागतं. खाली चेनची वजनं, नेट तळाला धरून राहावं म्हणून. मामा आणि चार पोरं छातीभर पाण्यात सकाळपासून दुपारपर्यंत, कमरेला दोर बांधून. परत पाकळ्या टाकल्या, ३८ मिनिटं. तेव्हा पोरांनी पाण्यातच टाळ्या वाजवल्या.

खड्ड्याच्या फोरमनबरोबर बसून ठरवलं, सक्शन, म्हणजे पंपाचा ओढणारा पाईप, एका रिकाम्या ड्रमला बांधून पाण्याच्या वरच्या हातभर थरातून उचलायचं, आणि तलावात पट्टीची पातळी लाल खुणेच्या खाली आली की मगच पंप. पाऊस जोरात असताना पाणी खड्ड्यातच राहू दे, खड्डा हाच आपल्याकडचा सगळ्यात मोठा तलाव आहे, फक्त खालच्या बेंचवरची (खाणीच्या पायरीवरची) मशीनं आधी वर आणून ठेवायची. फोरमन भाऊ समजूतदार निघाले.

९ जुलै

रात्रपाळीत कोणीतरी चुरीचे दोन डंपर थेट गटारावर रिकामे केले. जागा नव्हती म्हणे. पाणी तुंबलं, रस्त्यावरून वाहिलं, तीन आडबांध बाजूने कापले गेले, वीस मीटर रस्त्याला गुडघाभर घळ. सकाळपासून दुरुस्ती.

कोणाला रागावून उपयोग नाही, अंधारात पावसात डंपरच्या केबिनमधून गटार दिसतच नाही. गटाराच्या कडेने मोठे दगड लावले आणि चुन्याने पांढरे केले, ढिगांच्या जागेला खांब रोवले. आणि एक माणूस दर पावसानंतर पूर्ण पाण्याची वाट चालून वहीत लिहील असं ठरवलं. रात्रपाळीच्या ड्रायव्हरांना साहेबांनीच सांगितलं, वाहून गेलेली चुरी म्हणजे विकायचा माल गेला. त्यांचा हिशेब तो, माझा वेगळा, पण काम एकच.

१६ जुलै

तलावात गाळ खुणेच्या खांबावर निम्म्याला पोचला. निम्मा भरला की काढायचाच, शेवटपर्यंत थांबलं की तलावाची नुसती वाट होते. चार दिवसांची उघडीप मिळाली त्यात उपसला. काढलेला गाळ बांधाच्या आतल्या बाजूला वाळत टाकला, त्याचं निथळ परत तलावात. तो गाळ ढिगाच्या माथ्यावर जाईल, नाल्याकडेला एक टोपलं सुद्धा नाही.

उधाणाचे दिवस आहेत. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची तारखांची यादी महापालिका पावसाळ्याआधी काढते, ती ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली. भरतीला नाल्याचं तोंड खाडीच्या पाण्याने बंद होतं, तेव्हा आपण सोडलेलं पाणी खाली न जाता वस्तीत फुगतं. म्हणून त्या तासांत खड्ड्याचा पंप बंद, पातळी कितीही असो. फोरमन भाऊंनी यादीचा फोटो मोबाईलवर घेतला.

उरलेल्या बारीक तांबड्या कणांसाठी तुरटीची चाचणी केली, पाच बरण्या, लिटरला १० ते ५० मिलिग्रॅम. दहाला काही नाही, ३० ला वीस मिनिटांत कापसासारखे पुंजके होऊन खाली बसले, ५० ला तेवढंच. तेव्हा ३०, हजार घनमीटरला तीस किलो. तुरटीने पाणी आंबट होतं म्हणून प्रत्येक वेळी सामू (pH) बघायचा, ७.६ चा ७.१ झाला, ठीक आहे. पण ही रोजची गोष्ट करायची नाही, अतिमुसळधारनंतर तलाव रिकामा करायच्या आधीच फक्त.

२ ऑगस्ट

परवाच्या ११८ मिलिमीटरनंतरचं सांडव्याचं सँपल, ८६. पहिल्यांदा शंभराच्या आत.

संध्याकाळी नाल्याच्या कडेने खाडीपर्यंत चालत गेले. तिवरांच्या पलीकडे खडकावर कालवं काढणाऱ्या दोन कोळणी असतात, त्यातल्या एका मावशींशी मार्चपासून ओळख. गेल्या वर्षी खडकांवर चिखलाचा लेप बसला होता, कालवाचं पिल्लू धरायला उघडा दगड लागतो, तो मिळालाच नाही, त्यांचा पूर्ण हंगाम गेला होता. मी विचारलं यंदा कसं आहे. त्यांनी कोयत्याच्या टोकाने खडक खरवडून दाखवला, वर नखाएवढा पातळ गाळ आणि त्याखाली काळा दगड. "अजून हाय गो, पन दगूड दिसतंय," म्हणाल्या. कालवं धरतील की नाही ते हिवाळ्यात कळेल, तेव्हा परत यायचं ठरलं.

१९ ऑगस्ट

ढिगावर वाळा मांडीपर्यंत आला. एक ठोंब मुद्दाम उपटायला गेले तर उपटेना, मामांनी पहारीने माती सैल केली तेव्हा निघाला, मुळं हातभर. तिसऱ्या ओळीत दोन ठिकाणी ठोंब मेलेत, तिथेच उतारावर बोटभर ओघळ पडलेत, त्याच जागी नवीन लावायला घेतले. मावशी म्हणाल्या दोन नाही, चार लावा जवळजवळ, आणि तसं केलं.

खिडकीतल्या बाटल्या अजून तिथेच आहेत. १४ मेची ढिगाची बाटली आता नितळ आहे, तळाशी लोण्यासारखा मऊ तांबडा थर. शेजारी आजची ठेवली, त्याच जागेची. गढूळ आहे, पण पलीकडचं कॅलेंडर दिसतंय, तारीख वाचता येते.